सहा वेळा दाबलं, नोंद एक

अक्का: ...मग उंबऱ्याबाहेरूनच बोला. चौकशी संपली, कागद दफ्तरात गेले. आता आणखी कसली सही हवी आहे तुमच्या कारखान्याला?

प्रोग्रामर: सही नकोय, ताई. आणि मी कारखान्याची नाही. तिथला पट्टा ज्या प्रोग्रॅमवर चालतो, तो लिहिणाऱ्या कंपनीत आहे मी. यंत्रणा बसवली तेव्हा तुमच्या मिस्टरांना चार दिवस शिकवायला मीच आले होते.

अक्का: त्या होय तुम्ही. ते घरी येऊन सांगायचे. एक बाई आल्यात, म्हणे, चहा समोर ठेवून गार करतात आणि मग तोच गरम करून मागतात.

प्रोग्रामर: ते अजून तसंच आहे.

अक्का: ते नाहीत घरी. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानात बसतात हल्ली. जेवायला येतील दोनपर्यंत.

प्रोग्रामर: दुकानावरूनच आले. रस्त्यापलीकडे उभी राहिले पंधरा मिनिटं, पण हाक मारवेना. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. टिल्लू तुमचा सख्खा भाऊ ना?

अक्का: त्याचं हे नाव तुमच्या तोंडी कसं?

प्रोग्रामर: तिथे सगळेच म्हणायचे. सव्वासहा फुटांचा माणूस आणि टिल्लू. मी पहिल्या दिवशी हसले होते. तो म्हणाला, बाई, हसा, पण बोलवायचं तर त्याच नावाने बोलवा, दुसऱ्या नावाला मी वळत नाही.

अक्का: जन्मला तेव्हा वीतभर होता. सातव्या महिन्यातला. आई म्हणायची, टोपीत मावेल. ...या आत. दार ओढून घ्या. त्या खुर्चीचा पाय हलतो, भिंतीला टेकवून बसा.

प्रोग्रामर: ताई, त्या दिवशीचं तुम्हाला काय सांगितलंय, ते आधी मला सांगाल? म्हणजे मी कुठून सुरुवात करू ते कळेल.

अक्का: पाठ आहे मला. पोपटासारखं म्हणून दाखवू? रद्दीचे गठ्ठे पट्ट्यावरून वर चढतात आणि लगद्याच्या टाकीत पडतात. टाकीच्या तळाला पातं. एका गठ्ठ्याची तार कडेला अडकली. टिल्लू कटर घेऊन वाकला, चालू पट्ट्यावरच. सगळेच तसं करायचे, कारण पट्टा थांबवला की सुपरवायझर कावायचा. तारेत हातमोजा अडकला आणि तो पट्ट्यावर ओढला गेला. वाजले होते तीन चौदा, वर दहा सेकंद. टाकीच्या तोंडाशी पोचला तीन चौदा छत्तीसला. सव्वीस सेकंद. पट्ट्याच्या कडेने आणीबाणीची दोरी असते, ती खालच्या दोघांनी ओढली. पण ती सारखी पट्टा बंद पाडते म्हणून तीन आठवडे तारेने बांधून ठेवलेली. मग राहिलं वरच्या खोलीतलं बटण. आणि तिथे कोण बसलेलं? माझा नवरा. समोर कॅमेऱ्याचा पडदा, हाताशी दुसऱ्या पडद्यावरचं बटण. त्यांनी दाबलं तीन चौदा एक्कावन्नला. एकदा. टिल्लू गेल्यावर पंधरा सेकंदांनी. झालं?

प्रोग्रामर: एक्कावन्न हा आकडा आमच्या प्रोग्रॅमने लिहिला.

अक्का: संगणकाने लिहिला, असं ते म्हणाले. संगणकाला ना मेव्हणा ना बहीण, तो कशाला खोटं बोलेल.

प्रोग्रामर: तो खोटं नाही बोलला, ताई. पण ती दाबल्याची वेळ नाही. ती बटणाची सूचना प्रोग्रॅमने उचलल्याची वेळ आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला चौकशीच्या वेळीच कळायला हवं होतं. मला कळलं तीन आठवड्यांपूर्वी.

अक्का: एकोणीस महिन्यांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

प्रोग्रामर: हो.

अक्का: हो काय नुसतं. नीट सांगा. आणि मला कळेल असं सांगा.

प्रोग्रामर: प्रोग्रॅम बाहेरून एकच दिसतो, पण आत एकाच वेळी चार कामं चालतात. त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. चार हात समजा. एक पट्टा चालवतो, दुसरा वजन घेतो, तिसरा पडद्यावर आकडे पाठवतो. चौथ्याला एकच काम, बाहेरून सूचना आली का ते पाहायचं. वरच्या खोलीत 'थांबवा' दाबलं की संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या प्रोग्रॅमला एक सिग्नल देते. सिग्नल असा काही येत नाही की याने घ्यावा आणि त्याने नाही. तो सगळ्या प्रोग्रॅमच्या नावाने येतो, आणि चौघांपैकी ज्याला घ्यायची मुभा असेल त्याच्या पदरात पडतो.

अक्का: मग पडला का नाही?

प्रोग्रामर: कारण मी मनाई करून ठेवली होती. त्याला आम्ही ब्लॉक करणं म्हणतो. पट्टा चालवणाऱ्याच्या हातात काम असताना मध्येच सिग्नल आला, तर ते काम अर्धवट तुटून भलतंच होऊ शकतं. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच मुख्य थ्रेडला मनाई केली. त्याच्यापासून जे थ्रेड तयार होतात, ते तीच मनाई घेऊन जन्माला येतात. हे चूक नाही, असंच करतात. फक्त चौथ्याने मोकळं बसून राहायचं आणि आलेला सिग्नल मागून घ्यायचा. जोवर तो मोकळा आहे, तोवर बटण दाबल्यापासून पट्टा थांबेपर्यंत अर्धा सेकंदही लागत नाही.

अक्का: आणि त्या दिवशी तो मोकळा नव्हता.

प्रोग्रामर: नव्हता. यंत्रणा बसवून वर्ष झाल्यावर ऑफिसने एक सोय मागितली. साहेबांना त्यांच्या टेबलावरून हवा तेव्हा पट्ट्याचा रिपोर्ट मागवता यायला हवा. तीही एक सूचनाच. मी ती चौथ्याच्याच गळ्यात घातली. मागणी आली की त्यानेच रिपोर्ट लिहायचा. दोन ओळींचं काम होतं. त्या दिवशी तीन तेरा अठ्ठावन्नला कुणीतरी रिपोर्ट मागितला. फाईल जिथे लिहायची ती डिस्क पलीकडच्या इमारतीत, आणि मधली केबल सारखी खोळंबायची. चौथा लिहायला बसला आणि त्रेपन्न सेकंद अडकून पडला. तेवढ्यात 'थांबवा' आलं. तिघांना घ्यायची मनाई, चौथा अडकलेला.

अक्का: मग ते आलेलं गेलं कुठे?

प्रोग्रामर: जात नाही कुठेच. ऑपरेटिंग सिस्टिम ते फेकून देत नाही, प्रलंबित ठेवते. पण किती वेळा आलं ते ठेवत नाही. कधी आलं तेही ठेवत नाही. 'आलं आहे' एवढी एकच खूण. दुसऱ्यांदा आलं तर खूण आधीच केलेली असते. सहाव्यांदा आलं तरी तीच खूण. फाईल लिहून झाली तीन चौदा एक्कावन्नला. चौथा मोकळा झाला, त्याने खूण पाहिली, पट्टा थांबवला आणि वहीत, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, लिहिलं, तीन चौदा एक्कावन्न, थांबवा, एक.

अक्का: थांबा जरा. पाणी पिते मी.

प्रोग्रामर: पत्र्याच्या कपाटाशेजारचा तांब्या ना? मी देते.

अक्का: बसा तुम्ही. ...ते सहा म्हणत होते. पहिल्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात. सहा वेळा दाबलं गं, सहा वेळा दाबलं. मग चौकशी सुरू झाली आणि सहाचे तीन झाले. मग म्हणाले, नक्की आठवत नाही. मग एक. मला वाटलं, खरा माणूस आकडा कशाला बदलेल? सहा असतील तर सहाच म्हणेल, जीव गेला तरी. तिथे माझं मन उठलं यांच्यावरून.

प्रोग्रामर: त्यांच्यापुढे आमचा कागद ठेवत होते रोज.

अक्का: आणि हे तुम्हाला आत्ता कसं सुचलं?

प्रोग्रामर: दुसऱ्या एका ठिकाणी असाच पट्टा आहे. तिथल्या ऑपरेटरने तक्रार केली की 'थांबवा' कधीकधी उशिरा लागतं. कुणाला काही झालं नव्हतं. मला पाहायला पाठवलं. आमच्या ऑफिसात एका रिकाम्या संगणकावर मी तोच प्रोग्रॅम चालवला, रिपोर्ट मागितला, केबल उपटली आणि 'थांबवा' सहा वेळा दाबलं. सहाच, कारण यांचा पहिला जबाब मला माहीत होता. मग चालू प्रोग्रॅमची ऑपरेटिंग सिस्टिमकडे जी माहिती असते ती उघडून पाहिली. तिथे ओळी असतात, मनाई केलेले सिग्नल कोणते आणि प्रलंबित कोणते. प्रलंबितमध्ये एक खूण. केबल लावली. वहीत एक नोंद, केबल लावल्याच्या सेकंदाची. मी ते अकरा वेळा करून पाहिलं. मग तुमच्या कारखान्याची जुनी वही काढली. रिपोर्टची फाईल पूर्ण झाल्याची वेळ आणि पट्टा थांबल्याची वेळ, एकच सेकंद. फाईल तिथेच होती, कुणी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. मीही नाही.

अक्का: त्या दोन ओळी तुम्ही लिहिल्या. तुमच्या हाताने.

प्रोग्रामर: माझ्या हाताने. तपासल्याही मीच. केबल नीट चालू असताना तपासल्या.

अक्का: आणि बटण दाबल्यावर पट्टा लगेच थांबला असता, तर टिल्लू?

प्रोग्रामर: सव्वीस सेकंद होते, ताई.

अक्का: म्हणजे उठून उभा राहिला असता. हातमोजा झटकला असता. संध्याकाळी इथे येऊन त्याच खुर्चीत बसून सगळ्यांना गोष्ट सांगितली असती, मीठमसाला लावून.

प्रोग्रामर: खरचटलं असतं. हात मोडला असता कदाचित.

अक्का: मी एवढे दिवस एका माणसावर दात धरून बसले होते. ते सोपं होतं हो. घरातलाच माणूस, समोर दिसणारा. ताट सरकवायचं, बोलायचं नाही. पहिले पाच महिने मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. नंतर बोलले ते गॅस संपला, भाडं द्यायचंय, एवढंच. आता तुम्ही येऊन सांगता की दात केबलवर धरा. दोन ओळींवर धरा.

प्रोग्रामर: माझ्यावर धरा.

अक्का: तुमच्यावर धरून काय करू? उद्या तुम्ही दिसणार आहात का मला? आणि मी नुसती गप्पच बसले नव्हते. तुम्ही आपलं सांगितलंत, मीही सांगते. चौकशीचे गृहस्थ इथे आले होते. फार गोड बोलायचे. म्हणाले, दुपारी त्यांना झोप लागते का हो? मी म्हणाले, जेवल्यावर डुलकी लागते त्यांना. खरं तर सुट्टीच्या दिवशी लागते. रविवारी, तीही त्या पलंगावर. कामावर कधी नाही, अकरा वर्षांत एकदा नाही. 'सुट्टीच्या दिवशी' हे शब्द माझ्या ओठावर आले होते. मी गिळले. मुद्दाम. त्यांच्या अहवालात लिहून आलं, पत्नीच्या जबाबानुसार दुपारी झोपण्याची सवय. ते यांनी वाचलं. वाचून घडी घातली आणि कपाटात ठेवलं. मला काही विचारलं नाही.

प्रोग्रामर: कधीच नाही?

अक्का: कधीच नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता निघालं असतं तोंडातून. ...आले वाटतं.

(दाराशी चपला काढल्याचा आवाज. अक्काचे यजमान, दाजी, आत येतात, पाहुणीकडे पाहत उभे राहतात.)

दाजी: मॅडम, तुम्ही.

प्रोग्रामर: ओळखलंत.

दाजी: चार दिवस शेजारी बसलो होतो की. केस पांढरे झाले तुमचे. ...दुकानापाशी तुम्हीच होता का? पलीकडे, छत्रीवाल्याच्या सावलीत? मला वाटलं, भास झाला. मला असे भास होतात हल्ली.

अक्का: बसा. जेवायचं नंतर. त्या काय सांगतात ते ऐका.

दाजी: तू सांगतेस हे? म्हणजे मोठंच काही असणार.

प्रोग्रामर: दाजी, मी सगळं पुन्हा सांगते. मध्ये काही विचारावंसं वाटलं तर विचारा.

दाजी: तुम्ही पण दाजीच म्हणा. टिल्लू म्हणायचा म्हणून अख्खा कारखाना म्हणायला लागला. मला काढून टाकलं त्या पत्राच्या पाकिटावरही कारकुनाने कंसात दाजी लिहिलं होतं.

प्रोग्रामर: तुम्ही बटण दाबलं तेव्हा प्रोग्रॅमचा सूचना घेणारा थ्रेड रिपोर्ट लिहीत अडकला होता. बाकी तिघांना ती सूचना घ्यायची मनाई होती, ती मीच केलेली. म्हणून तुमची सूचना बाहेर थांबून राहिली. किती वेळा दाबलं ते मोजलं गेलं नाही. कधी दाबलं ते लिहिलं गेलं नाही. तो मोकळा झाला तेव्हा त्याने एकदा उचलली आणि स्वतःची वेळ लिहिली. दुसऱ्या एका ठिकाणाहून तक्रार आली, तेव्हा मला हे कळलं. हे त्याच संगणकावरच्या दोन फायली, शेजारी शेजारी छापून आणल्यात. हा रिपोर्ट. ही वही.

दाजी: चष्मा दे गं. ...एक्कावन्न. इथेही एक्कावन्न.

प्रोग्रामर: हो.

दाजी: शिकवताना मी तुम्हाला विचारलं होतं. हे बटण दाबल्यावर दाबलं गेलं हे कसं कळणार? काही दिवा, काही आवाज? तुम्ही म्हणालात, पट्टा थांबेल की, आणखी काय कळायला हवं.

प्रोग्रामर: मला आठवतं.

दाजी: मी टोचून नाही बोलत. तुम्ही म्हणालात ते मला पटलंही होतं. ...मग हे कागद काय म्हणतात? मी तेव्हा सांगितलं तसं, तो ओढला गेल्यावर चौथ्या सेकंदाला दाबलं, असं म्हणतात?

प्रोग्रामर: नाही. हेच सांगायला मला सगळ्यात जड जातंय. चौथा सेकंद मला सिद्ध करता येत नाही. सहा वेळाही नाही. ते कुठेच उरलेलं नाही. दुसऱ्या जातीचे सिग्नल असतात, ते एकामागून एक रांगेत राहतात, सहा आले तर सहाच्या सहा मिळतात. मी ते वापरले नाहीत, गरज वाटली नाही.

दाजी: ते वापरले असते तर पट्टा थांबला असता?

प्रोग्रामर: नाही. तो थ्रेड अडकलेलाच होता. फक्त तुमचं खरं निघालं असतं.

दाजी: बरं.

प्रोग्रामर: मला एवढंच सिद्ध करता येतं की तुम्ही चौथ्या सेकंदाला सहा वेळा दाबलं असतं, तरी कागद असाच दिसला असता. त्या कागदावरून तुमच्याविरुद्ध काहीच ठरवता येत नव्हतं. तुमच्या बाजूनेही नाही.

अक्का: म्हणजे खरं काय ते तुमच्या यंत्रालाही ठाऊक नाही.

प्रोग्रामर: नाही. ते फक्त यांना ठाऊक आहे.

दाजी: मलाही नाही, मॅडम. तिथेच तर घोळ झाला. पहिल्या दिवशी ठाऊक होतं. त्यांनी कागद पुढे ठेवला, म्हणाले, सहा कुठे आहेत दाखवा. दुसऱ्या दिवशी तेच. ओरडले नाहीत, चहा द्यायचे. तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, कदाचित बोट काचेला नीट लागलं नसेल. ते म्हणाले, तसंच झालं असणार, घाबरल्यावर होतं माणसाचं. पाचव्या दिवशी मी सही केली. आणि सही केल्यावर मला खरंच तसं दिसायला लागलं. मी बसलोय, हात मांडीवर आहे, पडद्यावर तो चाललाय. झोपेत बोट काचेपर्यंत पोचायचंच नाही. आता खरं कोणतं आणि सहीनंतरचं कोणतं, ते मला वेगळं करता येत नाही.

अक्का: मला सांगा.

दाजी: काय?

अक्का: काय दिसलं ते. आकडे राहू देत. मी कॅमेऱ्याचं ते चित्रण पाहिलं नाही, मला पाहू दिलं नाही. तुम्ही पाहिलंत. मला सांगा, काय दिसलं.

दाजी: नको गं.

अक्का: त्या दिवसापासून मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. आज विचारते.

दाजी: ...तो तार कापत होता. पाठमोरा. मग एकदम आडवा झाला. मला आधी वाटलं, मस्करी करतोय. त्याचा स्वभाव माहीत आहे तुला, पट्ट्यावर झोपल्याचं सोंगही केलं असतं त्याने. मग त्याचा हात पाहिला, तारेत गुंतलेला. मी बटण दाबलं. पट्टा चालूच. परत दाबलं. मग तो वळला आणि त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

अक्का: तुमच्याकडे.

दाजी: माझ्याकडेच. मी तिथे असतो हे त्याला माहीत होतं. मोकळा हात वर केला, असा, पंजा उघडून. थांबव म्हणून. आणि तो घाबरलेला नव्हता गं. तेच मला... त्याचं तोंड अगदी निवांत होतं. दाजी बघतोय, आता थांबेल, असं. मी दाबत होतो. तो हात खाली घेत नव्हता. मी पडद्यावर त्याच्याकडे बघत दाबत होतो. मग त्याने मान वळवून टाकीकडे पाहिलं, परत कॅमेऱ्याकडे पाहिलं. तेव्हा त्याचं तोंड बदललं. तेव्हा मी खुर्ची सोडली आणि जिन्याकडे धावलो. एवढं दिसलं.

अक्का: हात वर केल्यापासून तोंड बदलेपर्यंत तुम्ही दाबत होतात.

दाजी: दाबत होतो.

अक्का: झोपला नव्हतात.

दाजी: झोपलेल्याला त्याचा पंजा कसा दिसला असता?

अक्का: ते शब्द मी मुद्दाम गिळले होते. सुट्टीच्या दिवशी म्हणायचं होतं मला.

दाजी: माहीत आहे. तो अहवाल वाचला तेव्हाच कळलं. तुझा भाऊ गेला होता, मी काय बोलणार.

प्रोग्रामर: मी बाहेर थांबते थोडा वेळ.

दाजी: नको, बसा. मला एक सांगा, मॅडम. तक्रार दुसऱ्या ठिकाणाहून आली म्हणालात. म्हणजे हा प्रोग्रॅम आणखी ठिकाणी चालू आहे.

प्रोग्रामर: बारा ठिकाणी होता. इथला तेव्हाच बंद झाला. उरलेल्या अकरांपैकी चार ठिकाणी बदललाय, आता सात.

दाजी: आज, आत्ता चालू आहे?

प्रोग्रामर: आत्ता चालू आहे. मी सांगितलं होतं की सगळ्यांना लगेच फोन करून कळवू. वरून उत्तर आलं की गाजावाजा नको. दोन महिन्यांत एकेक करून बदला, आणि सोबतच्या पत्रात लिहा, वेग वाढवण्यासाठी सुधारणा. ते पत्रही माझ्याकडेच लिहायला आलं. मी लिहिलं नाही. उद्या सकाळी मी हे सगळं कामगार खात्यात देणार आहे, माझ्या सहीने. मग ते मला ठेवणार नाहीत, ते मी धरून चाललेय.

दाजी: उद्या सकाळी. आणि आज दुपारच्या पाळीत सात जण त्या बटणावर विसंबून बसलेत. तुम्ही इथे माझ्याकडे आधी आलात. का?

प्रोग्रामर: कारण मला तुमच्याकडे यायचंच धैर्य होत नव्हतं. म्हटलं, ते आधी केलं नाही तर पुढचं काहीच होणार नाही माझ्याच्याने.

दाजी: नंबर आहेत त्यांचे?

प्रोग्रामर: यादी आहे. शिकवायला मीच गेले होते सगळीकडे.

दाजी: आणा ती. तुम्ही करू नका फोन, तुमचं ऐकून ते आधी साहेबाला विचारायला जातील. मी करतो. ऑपरेटरचं ऑपरेटर ऐकतो. काय सांगायचं तेवढं नेमकं सांगा.

प्रोग्रामर: पडद्यावरच्या 'थांबवा'वर विसंबायचं नाही. पट्ट्याच्या मुख्य वीजपुरवठ्याचा खटका कुठे आहे ते आत्ता जाऊन पाहायचं, खोलीला कुलूप असेल तर किल्ली आपल्याकडे मागून घ्यायची. ऑफिसला सांगायचं, पाळी चालू असताना रिपोर्ट मागू नका.

दाजी: आणि दोरी बांधून ठेवली असेल तर सोडायची. ते मी माझं सांगतो. मी गॅलरीत जातो, इथे रेंज नाही.

अक्का: जेवून तरी घ्या.

दाजी: सात फोन आहेत. येतो.

अक्का: ...बाई, तुमच्याकडे कोरा कागद आहे?

प्रोग्रामर: आहे.

अक्का: उद्या तुम्ही तिथे जाणारच आहात. माझंही एक पान सोबत न्या. माझं अक्षर आता वाचवत नाही कुणाला. मी सांगते, तुम्ही लिहा. खाली सही मी करते.

प्रोग्रामर: सांगा.

अक्का: लिहा, की चौकशीत मी दिलेला जबाब अर्धा होता. माझ्या नवऱ्याला दुपारी झोप लागते ती सुट्टीच्या दिवशी, घरी. कामावर असताना कधीही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. यात कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. तेव्हाचा राग होता असं लिहू नका. राग अजून आहे. नुसतं, सांगितलं नाही, एवढंच लिहा.

प्रोग्रामर: लिहिलं. पण हे तुमच्यावर उलटू शकतं, ताई.

अक्का: उलटू दे. पुढे काय लागतं?

प्रोग्रामर: तारीख घातली. तुम्ही कोण ते लिहावं लागेल, या प्रकरणाशी नातं काय ते. काय लिहू? मयताची बहीण, की ऑपरेटरची पत्नी?

अक्का: काय म्हणतायत ते बाहेर?

प्रोग्रामर: पहिला फोन लागलाय वाटतं. म्हणतायत, तुम्ही मला ओळखत नाही, पण दोन मिनिटं खुर्चीतून उठा.

अक्का: दोन्ही लिहा. बहीण आधी लिहा.